दारात गंज आणला, त्याची गोष्ट

मैत्रिणींनो, आपण बायका जन्मभर गंजाशी भांडत असतो. विळी पुसून कोरडी ठेवायची, तव्यावर तेलाचं बोट फिरवायचं, फाटक लाल झालं की रंगाचा डबा आणा म्हणून धोशा लावायचा. अशा बाईनं भिशीच्या पैशांतून मुद्दाम गंजणारं लोखंड आणून अंगणात पुरलं म्हटलं, तर तुम्ही हसाल. आमच्या घरीही आधी हसलेच.

आमचं घर गेवराईला. पुढे लहानसं अंगण. अर्ध्यात शहाबादी फरशी, अर्ध्यात वाफा. त्यात तुळस, मोगरा, अबोली, गवती चहा. इथली काळी माती मोठी लहरी. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाफ्याला तिरप्या विटांची कड होती. दर दिवाळीला मी तिला गेरू लावायची आणि वर्षभरात मातीच्या या चाळ्यांनी ती पुन्हा वेडीवाकडी व्हायची.

मागच्या वैशाखात सासूबाई तुळशीला पाणी घालायला निघाल्या आणि वर आलेल्या विटेला ठेचकाळल्या. उजवं मनगट मोडलं. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं, हाड सांधलं. भीती मात्र गेली नाही. त्यांनी अंगणात उतरणंच सोडलं. ‘तूच घाल गं पाणी,’ म्हणायच्या आणि उंबऱ्याशी बसून बघत राहायच्या. इतक्या वर्षांचा नेम असा उंबऱ्याशी अडलेला मला बघवेना. कड बदलायचीच, असं मी ठरवलं.

पण काय लावावं? सिमेंटची कड काळ्या मातीत तडकते. लाकडाला वाळवी. प्लॅस्टिकची पट्टी आपल्याकडच्या उन्हात दोन-चार वर्षांत कडकडून तुटते. साधा लोखंडी पत्रा रंगवावा, तर रंगाला ओरखडा पडला की तिथून गंज शिरतो, पापुद्रे सुटतात आणि पत्रा खाऊन जातो. तेव्हा भाच्यानं कॉर्टेनचं, म्हणजे वेदरिंग स्टीलचं, नाव सांगितलं.

या पोलादात तांबं, क्रोमियम, निकेल असे धातू थोडे थोडे मिसळलेले असतात. तेही गंजतं, पण त्याचा गंज पापुद्र्यांनी सुटत नाही, सायीसारखा घट्ट धरून बसतो आणि आतल्या पोलादाची झीज फार मंद करतो. अमेरिकेत 1933च्या सुमारास ते बाजारात आलं आणि आधी रेल्वेच्या मालडब्यांना वापरलं गेलं. आपल्या रेल्वेनंही डब्यांसाठी ते वापरलं आहे. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त, म्हणून त्यावरही असाच राखणारा थर धरला आहे.

मी हे उत्साहानं सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, दारात गंजकं लोखंड? लोक म्हणतील, यांच्याकडे रंगालाही पैसा राहिला नाही.” हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “साध्या पत्र्याहून महाग, आणि वर गंजका!” मी म्हटलं, पैसे माझे आहेत, आणि पडल्या त्या आई. मग कोणी बोललं नाही.

पत्रा गेवराईत मिळाला नाही, छत्रपती संभाजीनगरहून आणवला. तुम्हाला लावायचा असेल, तर माझा अनुभव ऐका. सहा-सात इंच रुंद पट्ट्या घ्या. चार-पाच इंच जमिनीत, दोन इंच वर. वरची धार तशीच ठेवू नका, अनवाणी पाय कापेल. मी अर्धा इंच कड मशीनवर वाफ्याच्या बाजूला वळवून घेतली. काळ्या मातीत पट्टी थेट ठोकू नका. वीतभर रुंद चर खणून त्यात मुरूम भरा, म्हणजे मातीचा जोर तिच्यावर येत नाही. मेखा आतल्या बाजूनं ठोका. सांध्यात थोडी फट राहू द्या. उन्हानं लोखंड वाढतं आणि पाण्यालाही वाट मिळते.

एक लक्षात ठेवा. हा थर धरायला ओलं व्हावं, मग कडकडीत वाळावं लागतं. आपली कोरडी हवा त्याला मानवते. कोकणात समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तो नीट धरत नाही. सतत ओल्या मातीतही धरत नाही, म्हणून पुरायच्या भागाला मी आधी डांबर फासलं. बोअरचं पाणी खारं असेल, तर ते पट्टीवर न उडवता रोपाच्या बुंध्याशी घाला. पहिल्या पावसात लाल पाणी गळतं आणि फरशीवर डाग पडतात. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन फरश्या रंगल्या, मग मध्ये चार बोटं खडीची पट्टी टाकली.

पहिले काही महिने पट्टी नारिंगी, भडक दिसायची. सासूबाई उंबऱ्यातूनच नाक मुरडायच्या. दिवाळीनंतर रंग उतरत उतरत गूळ करपल्यासारखा झाला. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी त्या काठी टेकत खाली उतरल्या, वाकून पट्टीवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. बोटाला लाल लागलं नव्हतं.

यंदाही उन्हाळ्यात भेगा पडल्या, पण कड जागची हलली नाही. सासूबाईंची नजर आता अधू आहे. त्या काठीचं टोक पट्टीला लावतात, टण्ण आवाज येतो, म्हणजे इथवर फरशी आणि पुढे माती. तेवढ्या अंदाजानं त्या तुळशीपर्यंत जातात. पाणी घालून वळताना मला बजावतात, “दिवाळीला गेरू फासशील हं सवयीनं! त्याला हात लावू नकोस.”