चाचींनी दिलेली सीडी

नस्तालीक लिपी सरळ ओळीत चालत नाही, उतरत जाते. शेजार बदलला की अक्षराचं रूप बदलतं. मिर्झा अहमद जमील यांनी 1981 मध्ये त्यासाठी हजारो जोडाकृती तयार करवल्या, तेच नूरी नस्तालीक. पुढे 1994 मध्ये इनपेज आलं आणि आमच्या उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका, अहवाल, लग्नपत्रिकासुद्धा त्यात उतरल्या. अडचण एवढीच की इनपेजच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, त्यांचा संकेत वेगळा.

आमच्या मरहूम हेडमास्तरांनी मुकुंदनगर, भिंगार इथल्या म्हाताऱ्या बायकांकडून लग्नातली दखनी गाणी गोळा केली होती. छापील प्रत एकही नाही. चाचींनी सीडी आमच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "बेटा, यात काय आहे ते मला वाचून दाखवा."

शाळेच्या कॉम्प्युटरवर आता डेबियन 13 आहे. एका माजी विद्यार्थ्याने 2003 साली सी भाषेत या फायलींसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, तोही सीडीवर सापडला. 'मेक' म्हटलं की तयार, असं आम्हाला वाटलं. मेकने पहिल्याच ओळीवर पाय अडवला. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या आधी टॅब लागतो आणि आमच्या फाइलीत कधीतरी टॅबच्या जागी मोकळ्या जागा पडल्या होत्या. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये 1976 साली मेक लिहिला. टॅबचा नियम बदलावा असं वाटेपर्यंत दहा-बारा जण तो वापरू लागले होते, म्हणून राहिला. आमच्याकडच्या लग्नातल्या काही रस्मांचंही असंच आहे.

टॅब घातले, तर कंपायलर रागावला. आधी न सांगितलेलं फंक्शन वापरलं की जुना जीसीसी कुरकुर करून पुढे जायचा. 2024 च्या चौदाव्या आवृत्तीपासून तो थांबतो. जुनं मानक मागितलं की गप्प बसतो, पण आम्ही त्याला गप्प केलं नाही. न सांगितलेलं फंक्शन पूर्णांक परत करतं असं तो धरतो, आणि 64 बिटच्या यंत्रावर मेमरीचा पत्ता अर्धाच हाती लागतो. सगळी फंक्शनं नीट जाहीर केली. मग एकच नाव चार फायलींत ठरवलंय, ही तक्रार. दहाव्या आवृत्तीपासून (2020) ही ढिलाई चालत नाही. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लिहून तेही मिटवलं.

प्रोग्राम तयार झाला, चालला, आणि बाहेर आला निव्वळ कचरा!

यात दोन रात्री गेल्या. विद्यार्थ्याने फाइलीतले आकडे 'लाँग' प्रकारात वाचले होते. त्याच्या 32 बिटच्या यंत्रावर लाँग चार बाइटचा, आमच्या 64 बिट लिनक्सवर आठचा. चारच्या जागी आठ वाचल्यावर पुढचं प्रत्येक अक्षर सरकणारच. कंपायलरने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. लाँगच्या जागी ठरावीक 32 बिटचा प्रकार लिहिला.

पडद्यावर पहिला ओळखू आलेला शब्द होता 'नक्को'. चाची खुर्ची ओढून जवळ बसल्या. दुसऱ्या गाण्यातली दोन कडवी सरांनी उलटी टाइप केली आहेत, असं त्यांनी लगेच सांगितलं. ती आम्ही त्यांच्यासमोरच सरळ करून घेतली.