चार पक्षी, ४४४ रुपये

मार्च २०२४ मधली गोष्ट. बेंगळुरूहून म्हैसूरला निघालेल्या कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये एक आजी आणि तिची नात चढल्या. दोघींचा प्रवास फुकट, कारण तिथल्या ‘शक्ती’ योजनेत बायकांना तिकीट नाही. पण सोबत पिंजरा होता आणि पिंजऱ्यात चार लव्हबर्ड. कंडक्टरने पक्ष्यांना लहान मुलांत धरलं, दरडोई १११ रुपये लावले आणि ४४४ रुपयांचं तिकीट हातात ठेवलं. त्या तिकिटाचा फोटो देशभर फिरला. लोक कंडक्टरला हसले. खरं तर त्याचं कौतुक व्हायला हवं होतं. ‘पिंजरा म्हणजे सामान’ असं म्हणून त्याला मोकळं होता आलं असतं. त्याने आतले जीव मोजले.

त्याच्या दोन वर्षं आधी तेलंगणात एका कोंबड्याचं ३० रुपयांचं तिकीट फाडलं गेलं होतं. मालकाने तो कापडाखाली झाकून आणला होता, पण कापड हललं आणि बिंग फुटलं. बाजारच्या दिवशी एसटीत कुणाच्या तरी पायाशी, पिशवीतून बाहेर आलेली कोंबडीची मान ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल एवढंच, की कुणीतरी तिकीट मागितलं.

पक्ष्यांच्या प्रवासाचे खरे लाड बघायचे तर आखातात जायला हवं. संयुक्त अरब अमिरातीत २००२ पासून ससाण्यांना स्वतःचा पासपोर्ट मिळतो. त्यात त्याची जात, पायातल्या कड्याचा नंबर, मालकाचं नाव. मुदत तीन वर्षं. पोलिस व्हेरिफिकेशनसाठी चौकीत खेटे घातलेल्या मराठी माणसाला हेवा वाटावा अशी ही सोय. तिच्यामागे कारण मात्र गंभीर आहे. रानातले ससाणे चोरून पकडायचे आणि पाळीव म्हणून सीमेपार न्यायचे, हा मोठा धंदा होता. दुर्मीळ जीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय करारामुळे प्रत्येक पक्ष्याचा हिशोब ठेवणं भाग पडलं. म्हणून कडं आणि म्हणून पासपोर्ट.

कतार एअरवेजच्या साध्या डब्यात, म्हणजे इकॉनॉमीत, एका विमानात सहापर्यंत ससाणे बसू शकतात. डोक्यावर चामड्याची टोपी, डोळे पूर्ण झाकलेले, खाली शिट पडेल म्हणून अंथरलेलं कापड. ससाण्याची सगळी दुनिया डोळ्यांत असते. टोपी चढली की त्याच्यापुरती रात्र होते आणि तो मुकाट बसून राहतो. विमानातली लहान मुलं एवढी गुणी असती तर! २०१७ मध्ये एका फोटोत विमानाच्या आसनांवर रांगेने बसवलेले तब्बल ऐंशी ससाणे दिसले होते. ते एका सौदी राजपुत्राचे असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं.

अबुधाबीत १९९९ पासून ससाण्यांचं खास इस्पितळ आहे. तिथल्या प्रतीक्षागृहात बुटक्या दांड्यांवर टोप्या घातलेले रुग्ण नंबर लागण्याची वाट बघत ओळीने बसलेले असतात. तुटलेलं पीस बदलण्याची तिथली पद्धत तर बघत राहावी अशी. आधी गळालेली पिसं जपून ठेवलेली असतात. त्यातलं त्याच मापाचं, त्याच जागेचं पीस निवडायचं, बांबूची बारीक काडी तासून अर्धी या पोकळ दांडीत आणि अर्धी त्या दांडीत बसवायची, वर डिंकाचा थेंब. संध्याकाळी पक्षी पुन्हा उडायला तयार. ही विद्या शेकडो वर्षं जुनी आहे. आपल्याकडेही कुमाऊंच्या रुद्रदेव राजाने ससाण्यांकरवी करायच्या शिकारीवर ‘श्यैनिकशास्त्र’ नावाचा अख्खा संस्कृत ग्रंथ लिहून ठेवला आहे.

आणि एवढी सरबराई करून हे ससाणे जातात कुठे? थंडी पडली की मालकासोबत सुट्टीवर, बऱ्याचदा पाकिस्तानात, हुबारा नावाच्या पक्ष्याची शिकार करायला. स्थानिक माणसाला हुबारा मारायला बंदी. आखाती पाहुण्यांना मात्र खास परवाने. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे परवाने बंद केले आणि काही महिन्यांतच, जानेवारी २०१६ मध्ये, निकाल फिरवला. हुबारा आपल्या माळढोकाच्या कुळातला. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसेल या आशेने ज्यांनी दिवसभर ऊन खाऊन रिकाम्या माळाकडे बघितलं आहे, त्यांना पासपोर्टवाल्या ससाण्याचं कौतुक इथपर्यंत येऊन आटोपतं घ्यावंसं वाटेल.

पक्ष्याला वाहनात बसवणं हाच मुळात उलटा व्यवहार आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गॉडविट जातीचं एक पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि अकरा दिवस कुठेही न उतरता टास्मानियाला पोहोचलं. अंतर १३,५६० किलोमीटर. बेंगळुरू–म्हैसूरच्या दराने त्याचं तिकीट दहा हजारांवर गेलं असतं, तेही लहान मुलाचं.

आपल्या घरातल्या बजरीगरचं तसं नाही. तीस-चाळीस ग्रॅमचा तो जीव दिवाळीत मागच्या सीटवर बसून कोकणात निघतो, तेव्हा घाटातलं प्रत्येक वळण त्याला पायांच्या पकडीत सोसावं लागतं. अनुभवी पाळणारे निघण्याआधी पिंजऱ्यातला झोका काढून ठेवतात, दांडी खाली बांधतात, पाण्याच्या वाटीऐवजी काकडीची चकती अडकवतात, तीन बाजूंनी सुती ओढणी टाकतात. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी आणि पंख अंगापासून सुटलेले दिसले की त्याला उकडतंय. अशा वेळी बंद गाडीत त्याला ठेवून वडापाव खायला उतरणं म्हणजे क्रूरपणा. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांना गाडीही लागते, आणि ते ओकतातही.

पक्ष्याचं फुप्फुस हा तर वेगळाच कारभार. हवा एकाच दिशेने वाहत राहते, हवेच्या पिशव्या शरीरभर पसरलेल्या. त्यामुळे प्राणवायू भरपूर मिळतो आणि विषही तितक्याच वेगाने भिनतं. याच कारणाने ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेत, आणि ही नोकरी त्यांना १९८६ पर्यंत करावी लागली. जास्त तापलेल्या नॉनस्टिक भांड्याचा धूर माणसाला बहुतेकदा जाणवतही नाही. बजरीगर मात्र त्याने काही मिनिटांत मरू शकतो.

घरात लाल चोचीचा, गळ्याशी कंठ असलेला हिरवा मिठू असेल, तर त्याला कुठे न्यायचं हा प्रश्न उद्भवायलाच नको. आपले देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि ते पिंजऱ्यात ठेवणं हाच गुन्हा आहे, मग तो पिंजरा गाडीत असो की गॅलरीत. अशा मिठूसाठी वन विभागाला १९२६ वर फोन करावा; पंख कापलेला, माणसाळलेला पक्षी स्वतःहून खिडकीबाहेर सोडून देणं म्हणजे त्याला कावळ्यांच्या हवाली करणं.

बाकीच्यांनी, चार दिवसांचाच प्रश्न असेल तर, पिंजरा सरळ शेजारच्या काकूंकडे ठेवावा. नेहमीचेच दाणे द्यावेत, रात्री फटाक्यांनी दचकून पक्षी जाळीवर आपटू नये म्हणून छोटा दिवा चालू ठेवायला सांगावं. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब हवा, हेही चकलीचं तेल तापायच्या आत सांगून ठेवावं. काकूंना वाईट वाटलं तरी चालेल.