नगरचे बिऱ्हाड आणि पाणी

परगावी बिऱ्हाड करणाऱ्याने भाडे विचारण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी, हे आमचे मत नगरास राहून पक्के झाले. मलिक अहमदाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस सीनेकाठी हे शहर वसविले खरे, परंतु सीना उन्हाळ्यात आटते. म्हणून निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव इत्यादि गावांहून भाजलेल्या मातीचे खापरी नळ जमिनीखालून आणिले. केवळ उताराच्या बळावर ते पाणी शहरातील हौदांत येऊन पडे. सलाबतखानाने १५८३ मध्ये पुऱ्या केलेल्या फराहबागेच्या तलावाचे पाणीही असेच दुरून येई.

हल्ली शहरास राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचे पाणी मिळते. ते पंपांनी चढवावे लागते. वीज गेली की टाक्या रित्या, आणि आपली पाळी पुढे! त्यातून आमचे बिऱ्हाड माडीवर. तेथवर धार चढेना. हंडे वाहून सुनांची कंबर धरली, तेव्हा घरमालकांशी बोलून अंगणात दोन्ही बिऱ्हाडांची सामाईक टाकी बसविली.

साठविलेले पाणी झाकावे व आठवड्यास टाकी कोरडी करावी, नाही तर डास होतात. पाणी निवळण्याच्या उपायांत सुश्रुताने कतक, म्हणजे निवळीचे बी, आणि वस्त्र ही सांगितली आहेत. पण निवळलेले पाणी निर्जंतुक नव्हे, ते उकळावेच लागते.

वर पाणी नेण्याचे काम आता पुरुषांकडे आले आहे. पाळीच्या पहाटे कोणी उठावयाचे, एवढा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.