शाई सांडलेला कागद

दिवाळीची झाडलोट ही आमच्या घरी मुख्यतः माझ्या कागदांवर पडणारी धाड असते. यंदा माळ्यावरून एक गुंडाळी निघाली. सौभाग्यवतींनी ती उलगडून उजेडात धरली आणि विचारले, "अहो, हा शाई सांडलेला कागद ठेवायचाय का?"

मी खुर्चीवरून उठलोच. ती सेश्शूच्या चित्राची छापील प्रत होती. मूळ चित्र तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण तिचे तरी काय चुकले? सेश्शूने १४९५ साली ते काढले तेच मुळी शाई शिंपडल्यासारखे. आधी फिकट शाईचे ओघळ आणि ते ओले असतानाच त्यांवर गडद फटकारे. पहिल्यांदा नुसते डागच दिसतात. मग हळूच त्यांतून डोंगर उभा राहतो, पायथ्याशी झाडी येते, एका गुत्त्याचे छप्पर दिसते, पाण्यावर इवलीशी होडी दिसते.

सेश्शू जन्मला १४२० साली, बित्चू प्रांतात. लहानपणीच त्याला मठात घातले. तिथे पाठांतर सोडून चित्रे काढतो म्हणून गुरुजींनी त्याला खांबाला बांधले, तर पठ्ठ्याने पायाच्या अंगठ्याने आपल्याच आसवांत हुबेहूब उंदीर रेखला, अशी कथा आहे. ती सतराव्या शतकात लिहिली गेली, तेव्हा फार ताणू नये. पण सोडवतही नाही.

पुढे तो क्योतोच्या शोकोकुजी मठात गेला. तिथे शूबुन नावाचा भिक्षू चित्रकार होता, तो त्याचा गुरू. त्या काळचे जपानी भिक्षू चीनमधले डोंगर रंगवीत, पण बहुतेकांनी चीन पाहिलेलाच नसे. पंढरीला न गेलेल्याने अभंगांवरून चंद्रभागा रंगवावी, तसा प्रकार. सेश्शूला तेवढ्यावर राहवेना. यामागुचीच्या ओउची सरदारांचा चीनशी व्यापार होता. १४६७ साली, सत्तेचाळिशीच्या घरात, तो त्यांच्या जहाजावर चढला. त्याच वर्षी क्योतोत यादवी पेटली आणि शोकोकुजी मठ जळाला.

चीनमध्ये त्याचा मोठा मान झाला. निंगबोजवळच्या तिएनथोंग मठाने त्याला 'प्रथमासन' ही पदवी दिली. पेकिंगमध्ये एका सरकारी कचेरीची भिंत त्याच्याकडून रंगवून घेतली, असे त्याच्या मित्राने लिहून ठेवले आहे. १४६९ साली तो परतला. म्हातारपणीही चित्रांवर सही करताना तो 'तिएनथोंगचा प्रथमासन' असे लिहायचा! दारावरच्या पाटीत 'लंडन' घालणारे आपले डॉक्टर आठवतात. मला तर हा माणूस या एका खोडीमुळेच जवळचा वाटतो.

पण त्या शाईच्या चित्रावर त्याने आणखीही लिहिले आहे. सोएन नावाचा शिष्य शिक्षण संपवून घरी निघाला, त्याने आठवण मागितली. शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने हे चित्र दिले आणि वरच्या बाजूला मजकूर लिहिला. त्याचा आशय असा: मी चीनमध्ये गुरू शोधत हिंडलो, थोर म्हणावेत असे थोडेच भेटले. तिथल्या दोघांकडून रंग आणि ही शाईची रीत शिकलो. परत आल्यावर मात्र आमचे जोसेत्सू आणि शूबुन किती उंचीचे होते, ते मला कळले.

शूबुनचे म्हणून निःशंकपणे दाखवता येईल असे एकही चित्र आज उरलेले नाही. शिष्याने कागदावर लिहिलेला तो आदर मात्र उरला आहे.

हे वाचले की मला आमचे ड्रॉइंगमास्तर आठवतात. दिवाळीच्या सुट्टीआधी ते फळ्यावर रंगीत खडूंनी किल्ला, पणत्या, आकाशकंदील काढत. शाळा उघडली की पहिल्याच तासाला गणिताचे मास्तर डस्टर उचलत. जलरंग मी त्यांच्याकडेच शिकलो. मागे उभे राहून ते एकच घोकत, "वाळू देऊ नकोस रे, ओल्यावर ओलं जाऊ दे." पुढे मी मुंबईला गेलो, नावाजलेल्या मंडळींकडे शिकलो आणि प्रदर्शनाच्या प्रत्येक पत्रिकेत त्यांचीच नावे छापली.

पहिल्या प्रदर्शनाला मास्तर एस्टीने आले होते. धुवट कोट, हातात पिशवी. शेजारी एक बडे समीक्षक होते. "हे कोण?" त्यांनी विचारले.

"आमच्या गावचे आहेत," मी म्हणालो.

मास्तरांनी ऐकले. ते नुसते हसले आणि भिंतीकडे वळले. एका पावसाळी डोंगराच्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले, चष्मा कपाळावर सारून अगदी जवळ गेले.

"वाळू दिला नाहीस," ते म्हणाले.