भातुकलीचा जीर्णोद्धार

आजीच्या भातुकलीतील पितळी बंब, तांब्याचे घंगाळ आणि ठकी बाहुलीचा सावंतवाडीचा लाखकाम केलेला पाट यांच्या दुरुस्तीचे काम आज पुन्हा हाती घेतले, आणि जुन्या वस्तूंच्या बाबतीत उत्साहापेक्षा निरीक्षण श्रेयस्कर होय, हा धडा मनावर अधिकच ठसला. चिंचेतील आम्ल पितळेवरील काळिमा पाहता पाहता विरघळवते. परंतु तीच चिंच भांड्यावर रात्रभर राहिली, तर पृष्ठभागातील जस्त झिजून तेथे तांबूस छटा उमटते, ती सहजासहजी जात नाही. बंबाच्या तोटीला कथिल-शिशाचा डाख दिलेला असेल, तर कल्हईसाठी भांडे तापवताच तो सांधा निखळतो. कारण कल्हईचे कथिल 232 अंश सेल्सियसला वितळते, आणि हा डाख बहुधा त्याहूनही कमी तापमानाला वितळू लागतो. लाखकाम स्पिरिटने पुसू जावे, तर मळाबरोबर मूळ रंगही बोळ्यावर उतरतो. तेथे मऊ, कोरडे फडकेच हितावह. ज्या कारागिराचे नाव कोणत्याही दफ्तरात दाखल नाही, त्याच्या हस्तकौशल्याचा ही भातुकली हाच एकमेव दस्तऐवज असल्यामुळे, त्यात खाडाखोड करण्याचा अखत्यार आपणांस नाही. म्हणून पुढील पिढीस निर्वेधपणे उलटवता येईल, तेवढीच दुरुस्ती करावी.