पत्र्याची नोंद कोणाच्या दप्तरी?



इंग्लंडमध्ये ॲस्बेस्टॉसचा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअर आहेत. कोणत्या शाळेच्या छतात, कोणत्या पाइपावर ॲस्बेस्टॉस आहे, तडा गेलाय का, पुढची तपासणी कधी, हे सगळे फोटोसह मोबाईलवर. ही हौस नव्हे. १९९९ ला तिथे बंदी आली, आणि २०१२ च्या नियमांप्रमाणे घरे सोडून बाकीच्या जुन्या इमारतींची अशी नोंद ठेवणे इमारत सांभाळणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्यातली एकच गोष्ट आम्हाला मोठी वाटते: छताला भोक पाडणाऱ्या मजुराला ही माहिती आधी द्यावी लागते.

बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत आम्ही वर बघत फिरतो. समाजमंदिरावर, न्हाणीवर, शेळ्यांच्या गोठ्यावर सिमेंटचा पत्रा. प्रत्येक पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतेच असे नाही, पण कोणत्या पत्र्यात आहे हे डोळ्यांनी कळत नाही. धड पत्रा फारसा त्रास देत नाही. तो कापला, फोडला, हुकासाठी भोक पाडले की बारीक तंतू उडतात आणि फुफ्फुसात बसतात. कॅन्सर वीस-तीस-चाळीस वर्षांनी येतो. तोवर पत्राही जागेवर नसतो आणि ठेकेदारही.

रमाई घरकुल मंजूर झाले की जुने घर उतरवतात. उतरवणारे आपलेच, झाडून काढणाऱ्या आपल्याच आया-बहिणी. फुटके तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून जातात.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यातले जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितले. चांगला निकाल. पण तो कारखान्यातल्या कामगाराचा. आपला मिस्त्री आणि बिगारी कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. देशात नवे खाणपट्टे देणे थांबले, रशियातून माल येणे थांबले नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, आधी छप्पर तर मिळू द्या, मग तंतू मोजा. त्यांचा राग आम्हाला कळतो. पाचटाखाली पावसाळे काढलेल्या माणसाला सिमेंटचा पत्रा म्हणजे प्रगतीच. पण कोणाचे छप्पर काढा असे आम्ही म्हणतच नाही. नोंद करा म्हणतो, आणि सुरुवात शाळा, अंगणवाडी, समाजमंदिरापासून, कारण तिथली जबाबदारी शासनाची आहे. आम्ही माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाला विचारले. अशी माहिती ठेवली जात नाही, असे उत्तर आले. जनगणनेत जात मोजायची म्हटली की आपण किती वर्षे हेच ऐकले!

मग आम्ही कोबो या मोफत ॲपवर फॉर्म केला. नेट नसले तरी भरता येतो. इमारत, पत्र्याचे अंदाजे वर्ष, तडे, भोके, शेवटची दुरुस्ती कोणी केली. फोटो खालूनच काढायचा. पत्र्यावर चढायचे नाही, नमुन्यासाठी तुकडा तोडायचा नाही. कुठे काम चालूच असेल तर पत्रा ओला करायला सांगा, कोरडा झाडू मारू देऊ नका.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपापल्या गावची यादी लेखी द्या आणि पोच घ्या.