चंबळच्या वाळूत

मुंबईहून दिल्लीकडे जाणारी गाडी मुरैना सोडून धौलपूरकडे निघाली की चंबळ ओलांडते. आग्र्याला नातेवाईक असल्याने हा पूल आम्ही कितीदा तरी ओलांडला असेल, पण खाली उतरलो कधीच नव्हतो. या मे महिन्यात भाचीचा वलीमा आटोपला आणि एक दिवस हाती राहिला. फजरची नमाज पढून लगेच गाडी केली आणि उन्हे तापण्याआधी राजघाटावर पोचलो. सोबत अम्मी, दोन मुले आणि फडक्यात बांधलेले पराठे.

चंबळ म्हणजे डाकूंची नदी, एवढेच ठाऊक होते. काठाशी मात्र तळाचे गोटे दिसावेत इतके स्वच्छ पाणी. नाव थोडी पुढे जाते तोच नावाड्याने बोट ओठांवर ठेवले. वाळूवर सुसर पडली होती. हिंदीत तिला घडियाल म्हणतात, कारण नराच्या लांब जबड्याच्या टोकाला घड्यासारखा गोळा असतो. धाकटीने अम्मीचा हात घट्ट धरला. "घाबरू नको बेटी, ही मासे खाते," नावाडी चाचा म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितले, त्यात आमची पुरी सकाळ गेली. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये मादी पाण्याजवळच्या उंच, कोरड्या वाळूत खड्डा करून तीस ते पन्नास अंडी घालते आणि वाळूनेच झाकते. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्ले आतून आवाज देतात आणि आई वाळू उकरते. मोठ्या सुसरीला जमिनीवर मगरीसारखे चालता येत नाही. ती पोट घसटत सरकते. त्यामुळे उताराची मऊ वाळू गेली की तिला दुसरीकडे जाता येत नाही. नदीतल्या वाळूच्या बेटांवर पाणचिरा हा पक्षी उघड्यावरच अंडी घालतो. पाणी उतरून बेट काठाला जोडले गेले की कुत्री आणि कोल्हे चालत तिथे पोचतात.

आम्ही बसलो होतो त्याच वाळूत, काही हातांवर, अंडी असू शकत होती. मुलांनी आपसूक पाय उचलून घेतले.

इथे 1979 पासून अभयारण्य आहे, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून. वाळू काढायला बंदी आहे, तरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री चालतात. दगड-खडीचा धंदाही तसाच. 2012 मध्ये मुरैना जिल्ह्यात दगडांनी भरलेला ट्रॅक्टर अडवताना तरुण आयपीएस अधिकारी नरेंद्र कुमार यांचा जीव गेला. पुढे 2023 मध्ये मध्य प्रदेश सरकारने अभयारण्यातले सुमारे 207 हेक्टर क्षेत्र वाळूसाठी वगळायचे ठरवले. लोकांना रीतसर वाळू मिळाली तर चोरी थांबेल, असा युक्तिवाद. आम्हाला तो पटला नाही. ज्या घरात चोरी होते, त्याचे दारच काढून टाकायचे का? पण गावकऱ्यालाही घर बांधायचे असते, हेही तितकेच खरे.

मुरैनाजवळ देवरी येथे वन विभागाचे केंद्र आहे. नदीकाठची काही अंडी तिथे आणून उबवतात आणि पिल्ले सुमारे चार फुटांची झाली की नदीत सोडतात. आम्हाला तिथे जाता आले नाही. ऊन असह्य झाले होते आणि अम्मीचे गुडघे.

परतीच्या गाडीत सोलापूरहून मिस्त्रींचा फोन आला. घरावर मजला चढवतो आहोत. "भीमेची वाळू दोन ब्रास मिळते आहे, रात्री उतरवून घेऊ का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. रात्रीच का, हे आजवर आम्ही कधी विचारले नव्हते. क्रश सँड घ्या, म्हणून सांगितले. तिच्यासाठीही कुठला तरी डोंगर फुटतोच, पण खाणीची पावती तरी मिळते. मिस्त्री कुरकुरले, गिलाव्याला हात बसत नाही म्हणाले.

गिलावा थोडा खरबरीत आला आहे. अम्मी म्हणते, रंग दिल्यावर दिसणार नाही.